आचार्य धर्मानंद कोसंबी : पालीच्या वाटेवरचा मराठी पांथस्थ

बदनापूरच्या उत्तरेस भोकरदन आहे. प्राचीन काळी या गावाचे नाव भोगवर्धन असे होते. सांची आणि भारहुत येथील स्तूपांना सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी ज्यांनी दान दिले, त्यांत भोगवर्धनचे लोक होते, आणि दात्यांच्या नावांसोबत गावाचे नावही तेथील दगडावर कोरले गेले. गोदाकाठचे पैठण तर प्रत्यक्ष पाली वाङ्मयात आहे. सुत्तनिपाताच्या पारायणवग्गात गोदावरीच्या काठी राहणाऱ्या बावरी नावाच्या आचार्याची कथा येते. त्याचे सोळा शिष्य बुद्धाला प्रश्न विचारण्यासाठी उत्तरेकडे निघाले, आणि त्यांच्या वाटेवरील गावांच्या यादीत पहिले नाव पैठणचे आहे. पितळखोऱ्याच्या लेण्यात पैठणच्या मितदेव नावाच्या गंध्याने, म्हणजे सुगंधी द्रव्यांच्या व्यापाऱ्याने, दिलेल्या दानाचा लेख आहे.

एवढा वारसा उशाशी असताना आमच्या आजोबा-पणजोबांना त्याची गंधवार्ताही नव्हती. नाशिकच्या लेण्यांना लोक पांडवलेणी म्हणत. वेरूळच्या चैत्यगृहातील बुद्धमूर्तीला विश्वकर्मा समजून सुतार मंडळी नमस्कार करीत. दगड जागेवर होते, मूर्ती जागेवर होत्या. त्यांचा अर्थ सांगणारे वाङ्मय आणि त्या वाङ्मयाची भाषा मात्र या भूमीतून निघून गेली होती. ती सिंहलद्वीपात, ब्रह्मदेशात आणि सयामात नांदत होती. ती भाषा तेथे जाऊन शिकून मराठीत आणण्यासाठी ज्यांनी आपले आयुष्य वेचले, त्या आचार्य धर्मानंद कोसंबी यांचे चरित्र या स्मरणिकेच्या निमित्ताने आम्ही आमच्या विद्यार्थ्यांपुढे आणि पालकांपुढे ठेवीत आहोत.

साखवाळचा तरुण

धर्मानंद दामोदर कोसंबी यांचा जन्म ९ ऑक्टोबर १८७६ रोजी गोव्यातील साखवाळ या गावी एका सारस्वत ब्राह्मण कुटुंबात झाला. गोव्यावर तेव्हा पोर्तुगिजांचे राज्य होते. घरात कोकणी, पोथ्यापुस्तकांत मराठी आणि सरकारदरबारी पोर्तुगीज, अशी तेथील हिंदू कुटुंबांची त्रिभाषिक अवस्था होती. मराठवाड्यातील वडीलधाऱ्यांना ही अवस्था समजावून सांगावी लागणार नाही. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात आमच्या घरची भाषा मराठी, तर दरबाराची आणि उच्च शिक्षणाची भाषा उर्दू होती. ज्याच्या ओठांवर एक भाषा आणि शासनाच्या कागदावर दुसरी, त्याला भाषेचे मोल लवकर कळते.

धर्मानंदांचे शालेय शिक्षण मराठीच्या काही इयत्तांपलीकडे गेले नाही. प्रकृती नाजूक, घरची नारळीची बाग सांभाळण्याचे काम आणि लहान वयातच झालेला विवाह, अशा परिस्थितीत त्यांना वाचनाचा नाद लागला. १८९७ च्या सुमारास 'बालबोधमेवा' या मासिकातील बुद्धाविषयीचा एक लेख त्यांच्या वाचनात आला. हे मासिक अमेरिकन मिशनऱ्यांनी मुलांसाठी चालविलेले होते. धर्मानंद तेव्हा वीस-एकवीस वर्षांचे होते. त्या लेखाने त्यांच्या मनाची अशी पकड घेतली की बुद्धाचा धर्म मुळातून जाणून घ्यावा, याखेरीज दुसरे ध्येय त्यांना उरले नाही.

इतिहासाचे शिक्षक म्हणून आम्हांला या घटनेचे महत्त्व विशेष वाटते. ज्या भूमीत बुद्धाच्या शेकडो मूर्ती उभ्या होत्या, तेथील एका तरुणाला बुद्ध भेटला तो छापील मराठी पानावर. त्याच काळात, १८९८ मध्ये, कृष्णराव अर्जुन केळुसकर यांनी मराठीत बुद्धचरित्र प्रसिद्ध केले. पुढे १९०७ मध्ये मॅट्रिक उत्तीर्ण झालेल्या भीमराव आंबेडकरांच्या हाती केळुसकरांनी हेच पुस्तक ठेवले. एका मासिकातील लेखाने एक पालीचा पंडित घडविला, आणि एका चरित्राने क्रांतीचे बीज पेरले. शाळेच्या ग्रंथालयासाठी चार पैसे अधिक खर्च करावेत, हे सांगताना आम्हांला या दोन दाखल्यांहून मोठा दाखला सापडत नाही.

भाषेच्या शोधात

१८९९ च्या अखेरीस धर्मानंदांनी घर सोडले. मागे पत्नी बाळाबाई आणि तान्ही मुलगी माणिक राहिल्या. प्रथम ते पुण्यास आले. तेथे डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांची भेट झाली आणि प्रार्थना समाजाचा परिचय घडला. संस्कृताचा अभ्यास पुरा करण्यासाठी ते ग्वाल्हेरमार्गे काशीस गेले. काशीत त्यांनी अन्नछत्रात जेवून, मिळेल त्या जागेत राहून, संस्कृताचे अध्ययन केले. त्यांच्या हालअपेष्टांचे मोल आम्ही कमी लेखीत नाही. परंतु एक गोष्ट विद्यार्थ्यांनी ध्यानात घ्यावी. ज्या पाठशाळेच्या आणि अन्नछत्राच्या दारातून हा निर्धन तरुण आत गेला, ते दार त्याला जन्माने उघडे होते. त्याच सुमारास मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कुलात शिकणाऱ्या भीमरावांना मात्र संस्कृत नाकारले गेले आणि फारसी घ्यावी लागली. भाषेच्या दारावरही जात पहारा देत असते, याचे हे उदाहरण होय.

पालीच्या दारावर असा पहारेकरी नव्हता. तिचे दार मात्र फार दूर होते. १९०२ मध्ये धर्मानंद नेपाळात गेले. तेथील बौद्ध धर्माची दुरवस्था पाहून निराश होऊन परतले. पुढे बुद्धगया आणि कलकत्ता करीत ते सिंहलद्वीपात पोहोचले. कोलंबोच्या विद्योदय परिवेणात सुमंगल महास्थविरांच्या हाताखाली त्यांनी पालीचे अध्ययन केले आणि श्रामणेर दीक्षा घेतली. त्यानंतर ब्रह्मदेशात राहून त्यांनी ध्यानाचा आणि ग्रंथांचा अभ्यास केला.

पालीची स्वतःची अशी लिपी नाही. सिंहलद्वीपात ती सिंहली अक्षरांत, ब्रह्मदेशात ब्रह्मी लोकांच्या अक्षरांत आणि युरोपात रोमन अक्षरांत लिहिली व छापली जाते. गोव्याच्या या तरुणाने भाषेसाठी लिप्या शिकल्या, आणि पुढे तीच भाषा मराठी माणसाच्या सरावाच्या नागरी अक्षरांत उतरविण्याचे काम स्वतः केले व आपल्या शिष्यांकडून करवून घेतले. आज आमच्या आश्रमशाळांतील पाचवीचे मूल पालीतील सूत्र स्वतः अक्षर लावून वाचू शकते, यामागे या पिढीचे परिश्रम आहेत.

या त्यागाची किंमत एकट्या धर्मानंदांनी मोजलेली नाही. बाळाबाईंनी ती कित्येक वर्षे गोव्यात राहून मोजली. चरित्रकार अशा स्त्रियांविषयी एखादे वाक्य लिहून पुढे जातात. तथापि ज्या घरातून माणूस ज्ञानासाठी निघून जातो, ते घर सांभाळणाऱ्या हातांचीही नोंद इतिहासाने घेतली पाहिजे, असे आमचे मत आहे. पुढे धर्मानंदांनी भिक्षुवेष सोडून पुन्हा गृहस्थाश्रम स्वीकारला. १९०७ मध्ये जन्मलेले त्यांचे पुत्र दामोदर हे गणितज्ञ आणि भारतीय इतिहासाला नवी दृष्टी देणारे इतिहासकार म्हणून जगप्रसिद्ध झाले.

पन्नास रुपयांचा करार

परतल्यावर धर्मानंद कलकत्त्यास पाली शिकवू लागले. तेथे मान होता आणि वेतनही बरे होते. परंतु बंगालमध्ये राहून आपल्या भाषेच्या लोकांना काय मिळणार, हा विचार त्यांना स्वस्थ बसू देईना. बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांनी त्यांना महिना ५० रुपयांचे साहाय्य देऊ केले. महाराष्ट्रात राहावे आणि मराठीत ग्रंथ लिहावेत, अशी त्यामागे अपेक्षा होती. धर्मानंदांनी कलकत्त्याचे अधिक वेतन सोडून हे पन्नास रुपये पत्करले. ज्या सयाजीरावांनी १९१३ मध्ये भीमराव आंबेडकरांना कोलंबिया विद्यापीठात पाठविले, त्याच राजाच्या साहाय्याने काही वर्षे आधी बुद्धाचा धम्म मराठी ग्रंथांत उतरू लागला होता.

बडोद्यातील व्याख्यानांतून 'बुद्ध, धर्म आणि संघ' हे पुस्तक १९१० मध्ये तयार झाले. पुढे 'बुद्धलीलासारसंग्रह', 'समाधिमार्ग', 'बौद्धसंघाचा परिचय' असे ग्रंथ येत गेले. 'लघुपाठ' या छोट्या पुस्तकात त्यांनी खुद्दकपाठाचे मराठी भाषांतर दिले; ज्या त्रिसरणाने आमच्या घराघरांतील वंदना सुरू होते, ते त्या ग्रंथाच्या आरंभीच आहे. जातककथा त्यांनी मराठीत आणल्या. सुत्तनिपाताचे भाषांतर केले, आणि त्याबरोबर बावरीच्या शिष्यांची पैठणवाटही मराठी वाचकाला घरबसल्या सापडली. भांडारकरांच्या साहाय्याने मुंबई विद्यापीठाच्या अभ्यासक्रमात पालीला स्थान मिळाले. १९१२ ते १९१८ या काळात पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात त्यांनी पालीचे अध्यापन केले. पु. वि. बापट आणि ना. के. भागवत यांच्यासारखे पालीचे पुढचे अध्यापक त्यांच्या शिष्यवर्गातूनच निघाले. काही इयत्ता शिकलेल्या या माणसाच्या हाताखाली पदवीधर शिकू लागले.

ग्रंथावरील नाव

१९१० मध्ये धर्मानंद अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठात गेले. बुद्धघोषाच्या विसुद्धिमग्गाची संशोधित आवृत्ती हेन्री क्लार्क वॉरन यांनी हाती घेतली होती. त्यांच्या मृत्यूने ती अपुरी राहिली होती. ती पुरी करण्याचे काम धर्मानंदांकडे आले. तेथील प्राध्यापक लॅनमन यांच्याशी श्रेयाच्या प्रश्नावर त्यांचे मतभेद झाले. ज्या हातांनी पाठ जुळविले, त्या हातांचा उल्लेख ग्रंथावर कसा व्हावा, हा तो प्रश्न होता. पराधीन देशातील एका फाटक्या पंडिताने या प्रश्नावर नमते घेतले नाही. काम सोडून ते १९१२ मध्ये परतले. पुढे ते आणखी तीन वेळा अमेरिकेस गेले आणि काम तडीस नेले. १९४० मध्ये त्यांनी विसुद्धिमग्गाची नागरी आवृत्ती मुंबईतून प्रसिद्ध केली. हार्वर्डची आवृत्ती १९५० मध्ये निघाली, तेव्हा तिच्यावर वॉरन यांच्यासोबत कोसंबींचे नाव होते; परंतु ते पाहायला कोसंबी हयात नव्हते.

काहींना हा मानापमानाचा किरकोळ वाद वाटेल. आम्हांला तसे वाटत नाही. ज्यांनी घाम गाळला त्यांची नावे कागदावर येऊ न देणे, हा आमच्या समाजाचा हजारो वर्षांचा अनुभव आहे. नाव लिहिले गेले नाही की स्मृती पुसली जाते. भोगवर्धनच्या दात्यांनी आपले आणि आपल्या गावाचे नाव दगडावर कोरून घेतले, म्हणूनच आज आम्ही त्यांना ओळखू शकतो.

रोहिणीचे पाणी

१९२२ नंतर धर्मानंदांनी अहमदाबादच्या गुजरात विद्यापीठात काम केले. १९२९ मध्ये ते लेनिनग्राडला गेले. समाजवादाचे त्यांना आकर्षण होते. १९३० च्या मिठाच्या सत्याग्रहात त्यांनी भाग घेतला आणि तुरुंगवास सोसला. १९३७ मध्ये मुंबईत परळच्या कामगारवस्तीत त्यांनी बहुजन विहार उभारला. त्यासाठी द्रव्य जुगलकिशोर बिर्ला यांनी दिले होते. बुद्धाचा उपदेश पंडितांच्या खोलीतून गिरणी कामगारांच्या चाळीपर्यंत जावा, हा त्यामागील हेतू होता. हार्वर्ड पाहिलेला हा विद्वान त्या वस्तीत राहिला, ही गोष्ट लहान नाही.

१९४० आणि १९४१ मध्ये त्यांचा 'भगवान बुद्ध' हा ग्रंथ दोन भागांत प्रसिद्ध झाला. साहित्य अकादमीने पुढे त्याची अनेक भारतीय भाषांत भाषांतरे करविली. या ग्रंथात त्यांनी एक धाडसी काम केले. म्हातारा, रोगी, प्रेत आणि संन्यासी ही चार दृश्ये पाहून राजपुत्र मध्यरात्री घरातून पळाला, ही सर्वतोमुखी असलेली कथा त्यांनी मूळ सुत्तांवर घासून पाहिली. ही कथा विपस्सी बुद्धाच्या चरित्रातून गौतमाला चिकटविली गेली, असे त्यांनी दाखविले. गृहत्यागाच्या वेळी आईवडील समोर रडत होते, असे अरियपरियेसन सुत्त सांगते. मग मध्यरात्रीचे पलायन कोठून आले? अत्तदंड सुत्ताचा आधार घेऊन त्यांनी खरे कारण मांडले ते शाक्य आणि कोलिय यांच्यातील शस्त्रधारणाचे आणि रोहिणी नदीच्या पाण्यावरून होणाऱ्या तंट्याचे. याच आशयावर त्यांनी 'बोधिसत्त्व' हे नाटकही लिहिले.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा 'बुद्ध आणि त्याचा धम्म' हा ग्रंथ मूळ इंग्रजीत १९५७ मध्ये, त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर, प्रकाशित झाला. त्यातही गृहत्यागाचे कारण रोहिणीच्या पाण्याचा तंटा हेच आहे. बाबासाहेबांनी त्यात शाक्य संघाची सभा, बहुमताचा निर्णय आणि सिद्धार्थाने स्वेच्छेने पत्करलेला परिव्राजक मार्ग असे सविस्तर चित्र उभे केले. कोसंबींनी सुत्तांतून शोधलेला धागा बाबासाहेबांच्या हाती समाजपरिवर्तनाचा दोर झाला. आमच्या जालना जिल्ह्यातील मुलांना ही कथा निराळी समजावून सांगावी लागत नाही. टँकरची वाट पाहणाऱ्या गावांतली ही मुले आहेत, आणि चवदार तळ्याचा २० मार्च १९२७ चा सत्याग्रह त्यांना पाठ आहे. पाण्यासाठी माणसाने माणसावर शस्त्र उगारू नये म्हणून घर सोडणारा बुद्ध त्यांना जवळचा वाटतो. कथा बदलली की तिच्यातून स्वतःला ओळखणारा समाजही बदलतो.

अखेर आणि मूल्यमापन

शेवटच्या काळात व्याधींनी जर्जर झालेल्या धर्मानंदांनी अन्नत्यागाने देह ठेवण्याचा निश्चय केला. सेवाग्राम आश्रमात जून १९४७ मध्ये त्यांचे निधन झाले. देश स्वतंत्र होण्यास तेव्हा जेमतेम दोन महिने उरले होते.

आंबेडकरी विचारांचे अभ्यासक म्हणून कोसंबींच्या मर्यादाही आम्ही सांगितल्या पाहिजेत. ते गांधीजींच्या सहवासात रमले; बाबासाहेबांचा राजकीय मार्ग त्यांचा नव्हता. त्यांनी जातिभेदावर कठोर टीका केली, तरी जात मोडण्याचे संघटित आंदोलन त्यांच्या हातून उभे राहिले नाही. बहुजन विहारातील त्यांचे वास्तव्यही फार वर्षे टिकले नाही. त्यांनी बुद्धाला मराठी भाषा दिली. मराठी मुलखातील लाखो वंचितांना बुद्ध दिला तो १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरच्या दीक्षाभूमीवर बाबासाहेबांनी. ग्रंथातील ज्ञान आणि माणसाची ओळख यांत असलेले अंतर त्या दिवशी मिटले. तरीही त्या दिवशी उच्चारलेल्या पाली शब्दांचा अर्थ मराठीत समजावून सांगण्याची जी सामग्री हाताशी होती, तिचा मोठा वाटा कोसंबी आणि त्यांच्या शिष्यांनी सिद्ध केलेला होता, हेही तितकेच खरे.

आमच्या मराठवाड्याला या दोन्ही प्रवाहांचा लाभ उशिराने झाला. कोसंबींचे ग्रंथ पुण्या-मुंबईत छापले जात होते, तेव्हा निजामी राज्यातील आमच्या वाडवडिलांना अक्षरओळखही दुर्मीळ होती. १९५० मध्ये बाबासाहेबांनी औरंगाबादेत महाविद्यालय काढले आणि त्याला मिलिंद हे नाव मिळाले. नागसेनाला प्रश्नांमागून प्रश्न विचारणाऱ्या राजाचे हे नाव पालीतील मिलिंदपञ्ह या ग्रंथातून आले. ज्यांना शतकानुशतके प्रश्न विचारू दिले नाहीत, त्यांच्या मुलांनी प्रश्नकर्त्याच्या नावाच्या वास्तूत शिकावे, यात बाबासाहेबांची दृष्टी दिसते. स्वतः बाबासाहेबांनी पालीचे व्याकरण आणि शब्दकोश सिद्ध केला होता. महाराष्ट्र शासनाने तो त्यांच्या लेखनाच्या सोळाव्या खंडात प्रसिद्ध केला आहे. राज्यघटनेचा शिल्पकार आपल्या व्यग्र आयुष्यात एका प्राचीन भाषेचा कोश रचतो, तो हौसेखातर नव्हे. लोकांना त्यांचा इतिहास परत करायचा तर त्या इतिहासाची भाषाही परत करावी लागते, हे त्यांनी ओळखले होते.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठी, पाली आणि प्राकृत यांना एकाच दिवशी अभिजात भाषेचा दर्जा दिला. ही आनंदाची गोष्ट आहे. परंतु त्याच पालीला २०१३ मध्ये केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या मुख्य परीक्षेतील ऐच्छिक विषयांतून वगळण्यात आले होते, हेही आम्ही विसरू शकत नाही. दर्जा शासन देऊ शकते. भाषा जिवंत ठेवण्याचे काम ती बोलणाऱ्या-वाचणाऱ्यांनाच करावे लागते. आज आमच्या वस्त्यांत वंदना सर्वांना मुखोद्गत आहे. तिच्या ओळींचा अर्थ विचारला तर किती घरांतून उत्तर येईल? अर्थाविना पाठांतर चालू राहिले, तर बुद्धमूर्तीला विश्वकर्मा समजण्याचा तोच काळ आणखी दोन पिढ्यांनी परत येईल, ही भीती आम्ही मोकळेपणाने बोलून दाखवितो.

म्हणून आमची पालकांना आणि माजी विद्यार्थ्यांना विनंती आहे की, शाळेच्या ग्रंथालयाला भेट द्यायची झाल्यास एखादा पाली-मराठी कोश, 'भगवान बुद्ध' ग्रंथाची एखादी प्रत, सुत्तनिपाताचे मराठी भाषांतर द्यावे. शिक्षक बंधुभगिनींनी आठवड्यातील एक तास वंदनेतील एकेका शब्दाच्या अर्थासाठी ठेवावा. वरच्या वर्गातील मुलांना भोकरदन, पैठण, पितळखोरे आणि अजिंठा येथे नेऊन त्या गावांची नावे प्राचीन लेखांत आणि ग्रंथांत कोठे येतात, ते दाखवावे. साखवाळच्या एका अल्पशिक्षित तरुणाला अर्धे जग पायाखाली घालून जी भाषा मिळवावी लागली, ती आज बदनापूरच्या मुलांना आपल्याच लिपीत, आपल्याच शाळेत मिळू शकते. ती घ्यायची की नाही, हे आता आपल्या हाती आहे.

जय भीम! नमो बुद्धाय!